न बांधलेल्या जहाजाचा आजीवन विमा

जहाजांचं हजिऱ्याला काही अप्रूप राहिलेलं नाही. तापीच्या मुखाशी बंदर आहे, द्रवरूप वायूचे टँकर येऊन लागतात, २०२०च्या नोव्हेंबरपासून घोघ्याची रो-रो फेरी माणसांना ट्रकांसकट पलीकडे नेऊन सोडते. गस्तीच्या नौका इथं बांधून पाण्यात उतरवल्या गेल्या. अशा गावात रोज कामाला येणारा एक तरुण एक जहाज विकत घेतो. जहाज अजून बांधलेलं नाही. विमा मात्र उतरवलेला आहे, आणि तोही आजीवन.

हे आयुष्य कोणाचं धरायचं, जहाजाचं की गिऱ्हाइकाचं, याचा खुलासा नाही. कामाची गती पाहता गिऱ्हाईक आधी जाईल.

हा तरुण वाचकांच्या ओळखीचा आहे. गाव अमळनेर नाहीतर शिरपूर, घर उधन्याला नाहीतर लिंबायतला, पहाटे कंपनीची बस. घरी अहिराणी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी आणि रात्री हेडफोन चढवला की थेट आकाशगंगेच्या सरदारांची इंग्रजी. संगणक हप्त्यांवर आलेला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड घरच्यांना 'कंपनीच्या कामाचं' म्हणून सांगितलेलं.

खेळाचं नाव स्टार सिटिझन. २०१२च्या ऑक्टोबरात लोकांकडून पैसे गोळा करून त्याचा श्रीगणेशा झाला आणि २०१४ साली तो हातात पडायचा होता. साठ लाख डॉलर जमले तर शंभर सूर्यमाला देऊ, असा तेव्हाचा वायदा. साठ लाख पुढच्याच महिन्यात जमले. पहिल्या सूर्यमालेच्या जोडीला दुसरी आली ती २०२४च्या डिसेंबरात. २०२५मध्ये जमा रकमेने ऐंशी कोटी डॉलरचा, म्हणजे पावणेसात हजार कोटी रुपयांच्या आसपासचा टप्पा ओलांडला, आणि खेळ अजून अल्फा अवस्थेत होता. एकट्याने खेळायचा भाग, स्क्वाड्रन ४२, हाही मुळात २०१४चाच. त्याच्यासाठी २०२४मध्ये २०२६ हे साल जाहीर झालं. आपल्याकडे उड्डाणपुलांच्या तारखा पुढे जातात तेव्हा निदान खांब तरी दिसत असतात.

आता जहाज. बानू मर्चंटमन नावाचं एक व्यापारी जहाज आहे. आहे म्हणजे चित्र आहे. परग्रहावरच्या फिरत्या व्यापाऱ्यांचं हे तरंगतं दुकान, आत गाळे, बाहेर कासवासारखी पाठ. २०१३ साली ते विक्रीला आलं, लोकांनी चित्र बघून पैसे भरले आणि २०२५ उजाडलं तरी ते उडत नव्हतं. दरम्यान त्याची किंमत मात्र वाढत गेली. न बांधलेल्या वस्तूचा भाव वर्षागणिक चढतो, हे अर्थशास्त्र सुरतेच्या हिरेबाजारालाही अजून जमलेलं नाही. तोवर गिऱ्हाइकाने काय करायचं? त्याला वापरायला दुसरं, बदली जहाज मिळतं. तो रात्री त्यात बसून फिरतो आणि स्वतःच्या जहाजाची चित्रं बघतो. मागून माय डोकावते आणि विचारते, "मंग जहाज कोठे शे?" तो तिला आगामी कामांचा तक्ता दाखवतो. त्या तक्त्यातही जहाज नसतं.

पण खरी मेख विम्यात आहे, आणि इथे जरा थांबायला हवं. या खेळात जहाज फुटलं की विम्याचा दावा करायचा, थोडा वेळ वाट पाहायची, नवं जहाज फलाटावर हजर. साध्या जहाजाचा विमा काही महिन्यांचा. जे चित्र असतानाच घेतील त्यांना विमा आजीवन. म्हणजे जो जहाज बघून, चालवून, खात्री करून घेईल तो मूर्ख, आणि जो डोळे झाकून घेईल त्याला बक्षीस. त्यावरून खेळाडूंमध्ये एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. आजीवन विमा असलेली एखादी चिल्लर गाडी स्वस्तात घ्यायची, फरकाची रक्कम भरून तिचं छोट्या जहाजात रूपांतर करायचं, मग छोट्याचं मधल्यात, मधल्याचं मोठ्यात, आणि विमा तसाच अंगाला चिकटून वर सरकत राहतो. या विद्येत पारंगत झालेले लोक आहेत, त्यांचे तक्ते आहेत, कोणता फरक कोणत्या महिन्यात स्वस्त पडतो याची पंचांगं आहेत, आणि विमावाल्या जहाजांची खेळाडूंच्या आपापसातली खरेदी-विक्रीही चालते. आता या सगळ्या उलाढालीतली गंमत अशी की विम्याची मुदत संपण्याची यंत्रणाच खेळात सुरू झालेली नव्हती. २०२४ संपेपर्यंत तरी ज्याचा विमा आजीवन त्याचंही जहाज परत मिळे आणि ज्याचा तीन महिन्यांचा, त्याचंही. थोडक्यात, जहाज बांधलेलं नाही म्हणून त्यावर विमा दिला, आणि विमाही बांधलेला नाही. एका न झालेल्या वस्तूचं रक्षण दुसरी न झालेली वस्तू करते आहे आणि दोन्हीचे पैसे वळते झालेले आहेत. धोके सगळे धरलेत: चाचे, उल्का, टक्कर, स्वतःचा हलगर्जीपणा. जहाज कधी येणारच नाही, हा एक धोका तेवढा पॉलिसीत नाही.

भारतात १९६३चा सागरी विमा कायदा आहे. ज्या मालात आपला खरा हितसंबंध नाही त्याचा विमा हा कायदा विमा मानत नाही. जुगार मानतो आणि रद्दबातल ठरवतो. पण हा कायदा खाऱ्या पाण्यापुरता. अंतराळात पाणी नाही.

हजिऱ्याच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या माणसाने हे सगळं मुकाट्याने गिळावं, याचं आश्चर्य वाटतं. बांधून होण्याआधी जहाजाचे पैसे घेणं यात पाप काहीच नाही, जगभर खरी जहाजं अशीच बांधली जातात. करार झाला की एक हप्ता, पहिला पत्रा कापला की दुसरा, तळाचा कणा बसला की तिसरा, जलावतरणाला चौथा, ताबा देताना शेवटचा. काम पुढे सरकल्याशिवाय पैसा पुढे सरकत नाही, आणि आगाऊ रकमेवर बँकेची हमी असते. याच हजिऱ्यात शंभर के-९ वज्र तोफांचं काम २०१७मध्ये आलं. एकेक तोफ पन्नास टनांच्या घरातली. शंभरावी २०२१च्या फेब्रुवारीत, मुदतीच्या आधी, बाहेर पडली, तीही मधलं करोनाचं वर्ष जमेस धरून. शंभर तोफा चार वर्षांच्या आत, आणि बारा वर्षांत शंभरपैकी दोन सूर्यमाला. तोफा पोलादाच्या होत्या, त्यांना वजन होतं, हे त्यातल्या त्यात सोपं पडलं असावं.

शेजारच्या सुवालीच्या समुद्रात तर १६१२च्या नोव्हेंबरात इंग्रजांची रेड ड्रॅगन आणि होझिअँडर ही दोन जहाजं पोर्तुगीजांशी भिडली. तो काळ असा की लंडनचे व्यापारी एकेका सफरीपुरती वर्गणी काढत, जहाज परतलं की माल विकून वाटण्या होत. पुढे त्याच मंडळींनी आपलं काय केलं ते सर्वश्रुत आहे, त्यांची तारीफ करायची इच्छा कोणालाच नाही. तरी नोंद असावी म्हणून: जहाज निदान निघत असे.

बाकीच्या अंतराळाची अवस्थाही बघण्यासारखी आहे. एलिट डेंजरसने इंटरनेटशिवाय खेळता येईल असं सांगितलं होतं, ते २०१४च्या नोव्हेंबरात, खेळ बाजारात यायला महिना उरला असताना मागे घेतलं. त्याचं ओडिसी हे वेगळ्या पैशांचं विस्तारप्रकरण २०२१च्या मेमध्ये आलं ते अडखळत, आणि कन्सोलवाले वाट पाहत राहिले. २०२२च्या मार्चमध्ये त्यांना कळवण्यात आलं की वाट पाहणं आता थांबवावं. कर्बल स्पेस प्रोग्रॅम २ २०२३च्या फेब्रुवारीत अर्धवट स्थितीत पन्नास डॉलरला विकायला काढला, वर्षभराने तो बनवणाऱ्यांना नारळ मिळाला, विक्री चालूच. स्टारफील्डने तीस डॉलरचं शॅटर्ड स्पेस देण्याआधी सात डॉलरची एक सुटी मोहीम विकून पाहिली. उलट २०१६मध्ये शिव्याशाप खाल्लेल्या नो मॅन्स स्कायने पुढे वर्षानुवर्षं भर घातली आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. या उदाहरणाचा धंद्यात कोणी विषय काढत नाही.

आणि मग सवाल पडतो की हे खेळ विकणाऱ्यांना कायदा का लागू नाही? सुरतेत, नाशकात, पुण्यात फ्लॅट घेणाऱ्याने वर्षानुवर्षं हेच सोसलं. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, जागेवर खड्डा, आणि बिल्डरच्या कार्यालयात थंडगार हवेत बसवून 'साहेब, दिवाळीपर्यंत'. कोणती दिवाळी, ते कधीच नाही. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकदम भरत लोकांची मुलं शाळेतून कॉलेजात गेली, तेव्हा कुठे २०१६ साली रेरा आला. नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ घेता येत नाही, ताबा चुकला तर व्याजासकट पैसे परत. अंतराळातलं जहाज घेणाऱ्याला यातलं काहीही नाही, कारण तो काही विकत घेतच नाही, तो म्हणे 'पाठिंब्याची वर्गणी' देतो. परतीची मुदत तीस दिवस. बारा वर्षं न आलेल्या जहाजासाठी तीस दिवस! त्यानंतर रागावून जहाज मोडीत काढलंच तर पैशांऐवजी त्याच दुकानात खर्चायची पत मिळते आणि त्या पतीवर दुसरं चित्र घेता येतं. २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीवर देशभर बंदी आली, ठीकच झालं. रमीत निदान पत्ते वाटले जात होते.

कोणी म्हणेल, नाराज असेल तर पोराने पैसे देणं थांबवावं. तो नाराज आहेच. रात्री दोन वाजता तो मित्रांसमोर तावातावाने बोलतो, फसवणूक म्हणतो, लूट म्हणतो. मात्र २०१८मध्ये सत्तावीस हजार डॉलरचा, त्या वेळच्या अठरा लाखांचा, जवळजवळ सगळ्या जहाजांचा एकगठ्ठा संच निघाला होता आणि ज्याने आधी हजार डॉलर खर्चले असतील त्यालाच त्या संचाचं पान उघडून बघता येत होतं, हे सांगताना त्याच्या आवाजात राग नसतो. थोडा हेवा असतो.

दर नोव्हेंबरात या खेळात जहाजांचं प्रदर्शन भरतं. हजिऱ्यातले बोनस त्याच सुमारास जमा होतात. काही मोठी जहाजं तेव्हा ठरावीक संख्येत विकायला काढतात, अमुक वाजता खिडकी उघडते, आणि लोक गजर लावून बसतात. संगणकातल्या जहाजाचा साठा संपतो. पत्रा संपला की वेल्डर रजेवर गेला, हे कोणी विचारत नाही. गेल्या वेळी उधन्याच्या पोराचं पान अडकलं आणि त्याला जहाज मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो पडलेल्या चेहऱ्याने आला. फोरमनने विचारलं, "काय रे, घरी सगळं ठीक ना?" तो म्हणाला, "भाऊ, थोडक्यात हुकलं. पुढच्या खेपेला दोन घेतो."