भाऊसाहेब लाइव्ह

हैदराबादला अंबरपेठेतल्या आपल्या कचेरीत बसत तेव्हा भाऊसाहेब कुणाकडे ढुंकूनही पाहत नसत. इन्कम टॅक्स, जीएसटी आणि गिऱ्हाइकांनी पिशवीत कोंबून आणलेल्या पावत्या यातून मान वर निघेल तर ना! पण छे नंबरच्या चौकात उड्डाणपुलाचं काम निघालं, रामंतापूरहून यायला जीव जाऊ लागला, आणि कचेरी घरबसल्या दिसावी असं त्यांच्या मनाने घेतलं. पूल २०२५ साली वाहता झाला. भाऊसाहेब अजून घरीच आहेत.

माणसं चार, कॅमेरेही चार. ‘कायदाच आहे तसा,’ असं ते बजावतात. २०१३ साली, आंध्र प्रदेश अखंड असताना, तसा कायदा झाला खरा. पण तो गर्दीच्या जागांसाठी. तिथलं चित्रण ३० दिवस जपायचं. भाऊसाहेबांकडे गर्दी उसळते ती जुलैअखेरीस, तीही मुदत वाढली नाही तरच.

कॅमेरे बसवणाऱ्या पोराने आधी राऊटरवर पोर्ट उघडून पाहिला. बाहेरून काही दिसेना. म्हणाला, ‘अंकल, नेटवाला एकीच आयपी पे पूरा मोहल्ला चलारा.’ भाऊसाहेब दचकले. ‘म्हणजे शेजारच्या बिर्याणीवाल्यालाही माझं ऑफिस दिसणार?’ ‘नक्को फिकर करो,’ म्हणत पोराने डीव्हीआरचा क्यूआर कोड मोबाइलवर टिपला. डीव्हीआरने आतूनच बाहेरच्या सर्व्हरशी संधान बांधलं आणि मोबाइलवर चारही चौकटी उजळल्या.

मग पासवर्ड. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवण्याच्या आळसापायी २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर वेठीला धरले होते. एवढं ऐकल्यावर भाऊसाहेबांनी आकडे-चिन्हांसकट भला लांबलचक पासवर्ड रचला, ठळक अक्षरात कागदावर लिहिला आणि भिंतीला चिकटवला. तीन नंबरच्या कॅमेऱ्यात तो स्वच्छ वाचता येतो.

रात्री दोनला मोबाइल खणखणतो: हालचाल आढळली! बघावं तर कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे जमलेत आणि त्यांच्यासाठी जाळं विणणारा कोळी लेन्ससमोर रिक्षाएवढा दिसतोय. ‘रात्रपाळी करतोय बिचारा, त्याचाही पगार काढा,’ असं वहिनी कूस बदलत म्हणतात.

खरी कमाल स्टाफची. पहिला आठवडाभर सगळे मान खाली घालून होते. नंतर त्यांनी मालकालाच कामाला जुंपलं. नोटीस आली की यादगिरी ती दोन नंबरच्या कॅमेऱ्यापुढे धरून उभा राहतो. भाऊसाहेब घरून वाचतात आणि कॅमेऱ्यातल्या स्पीकरवरून उत्तर सांगतात. ‘सार, निळी फाइल दिसत नाही,’ म्हटलं की मागचं चित्रण चाळून सांगतात, ‘मंगळवारी साडेचारला तूच ठेवलीस कपाटावर.’ जेवणाचे डबे उघडले की यादगिरी तेही कॅमेऱ्याला दाखवतो. नैवेद्य म्हणून की चिडवायला, हे मला अजून उमगलेलं नाही. पूर्वी सहाला सुटणारे भाऊसाहेब आता सुटतच नाहीत.

मे महिन्यात नांदेडला भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून भाऊसाहेब अंतरपाटाशी तिच्यामागे उभे, एका हातात अक्षता, दुसऱ्यात मोबाइल. मंगलाष्टकं ऐन भरात आली आणि त्यांना चार नंबरच्या चौकटीत रिकाम्या खोलीत गरगरणारा पंखा दिसला.

‘अरे, तो पंखा बंद कर आधी!’

मामांचा शब्द! मंडपवाल्या पोराने धावत जाऊन खटके पाडले. नांदेडचा मे, भरला मंडप आणि सगळे पंखे थांबलेले. गुरुजींचा आवाजही चिरकला. त्या शांततेत भाऊसाहेबांच्या मोबाइलमधून यादगिरी बोलला,

‘सार, पंखा तो कब का बंद करा मैं. आपका नेटीच पीछे चलरा!’