९९९ नंतर ९९४

टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड आहे, स्वस्तातला रेझिस्टन्स बॉक्स. त्यावर पिनांच्या सात रांगा, प्रत्येक रांगेत एक जंपर. जंपर बसवून ९९९ ओहम लावले. मल्टिमीटरने १००३ दाखवले. मग एक ओहम वाढवून १००० लावले. मीटरने दाखवले ९९४.

वर चढायचं होतं एक ओहम आणि उतरलो नऊ ओहम. तरी बोर्ड धडधाकट आहे. विकणाऱ्याने त्यावर एक टक्का फरकाची मुभा छापली होती आणि हा सगळा घोळ त्या एका टक्क्यात बसतो. हजार ओहमचे ९९० होऊ शकतात, ९९९चे १००९ होऊ शकतात. बोर्डाने दिलेला शब्द पाळला आहे. आपणच त्याचा शब्द नीट ऐकला नव्हता.

गेल्या आठवड्यात डिप्लोमाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, घरी प्रयोगांना स्वस्तातला रेझिस्टन्स बॉक्स घ्यायचाय. कोणता चांगला?’ हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून उत्तर इथे लिहितो. स्वस्तातला घे. पण त्याच्यावरचे आकडे खरे धरण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढ.

आधी ही वस्तू कशाला हवी ते सांगतो. सर्किट जुळवताना नेमका किती रोध लागेल हे पुष्कळदा आधी ठाऊक नसतं. एलईडी जास्तच तळपतो, अँप्लिफायरचा आवाज कमी पडतो, टायमर लवकर सुटतो. दर वेळी ब्रेडबोर्डवरचा एक रेझिस्टर उपटायचा, रंगपट्टे वाचायचे, दुसरा खोचायचा. रेझिस्टन्स बॉक्स मध्ये जोडला की हे सगळं वाचतं. आकडा बदलत जायचं, सर्किट मनासारखं चाललं की तो आकडा टिपायचा आणि त्या किमतीचा साधा रेझिस्टर कायमचा सोल्डर करायचा. शिकणाऱ्यासाठी याहून उपयोगी वस्तू थोड्याच असतील, कारण रोध बदलला की काय बदलतं हे हाताला कळू लागतं.

आता परीक्षा.

पहिला मुद्दा आकड्यांचा. सात रांगांचा बोर्ड १ ओहमपासून ९९,९९,९९९ ओहमपर्यंत हवं ते देतो, असं जाहिरातीत असतं. वाचणाऱ्याला वाटतं, सात आकड्यांची अचूकता मिळाली. हिशेब करून पाहा. दहा लाख ओहमच्या एका रेझिस्टरला एक टक्का मुभा म्हणजे दहा हजार ओहम. खालच्या चार रांगा, म्हणजे एकं, दहं, शतक आणि हजार, पूर्ण भरल्या तरी बेरीज ९,९९९. चारही रांगा वरच्या एका रेझिस्टरच्या चुकीत बुडून जातात. तिथे १०,००,००७ ओहम लावणं म्हणजे गावाचं अंतर मैलात सांगून पुढे चार बोटं जोडण्यासारखं आहे. एक टक्क्याच्या बोर्डावरचे पहिले दोन आकडे धरा, फार तर तिसऱ्याकडे बघा, बाकीचे सोडून द्या.

दुसरा मुद्दा शून्याचा. सगळे जंपर शून्यावर ठेवले तरी रोध शून्य होत नाही. सात जंपरांचे स्पर्श, बोर्डावरचे तांब्याचे पट्टे, टोकाचे स्क्रू, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा असतो. माझ्या बोर्डावर मीटरच्या वायरींचा रोध वजा करूनही ०.३ ओहम उरतो. दहा हजार ओहमच्या कामात त्याला काडीची किंमत नाही. एक-दोन ओहमच्या कामात तोच सगळं बिघडवतो. विकत घेतल्यावर पहिलं मोजमाप याचंच करायचं.

हे दोन्ही मुद्दे एकत्र कसे चावतात, ते तापमानाच्या सेन्सरवर दिसतं. कंट्रोलर तपासताना खऱ्या सेन्सरच्या जागी रेझिस्टन्स बॉक्स लावतात आणि त्याला भासवतात की आता इतकं तापमान आहे. पीटी-१०० नावाच्या प्लॅटिनमच्या सेन्सरचा रोध शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. समजा कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीचा कंट्रोलर बनवला आहे. तिथे ३७.५ अंश हवेत, म्हणजे सुमारे ११४.६ ओहम. आपल्या बोर्डाची सगळ्यात लहान पायरी एक ओहमची, म्हणजेच अडीच अंशांची. ११४ लावा नाहीतर ११५, मधलं मिळणारच नाही. त्यावर एक टक्क्याची चूक म्हणजे आणखी सुमारे तीन अंश, आणि त्या ०.३ ओहमचा पाऊण अंश वेगळा. असा कंट्रोलर तपासून ‘पास’ केला, तर अंड्यांची अख्खी खेप हातची जाईल.

आता तोच बोर्ड दहा हजार ओहमच्या एनटीसी थर्मिस्टरच्या जागी लावा. खोलीच्या तापमानाजवळ त्याचा रोध दर अंशाला चार टक्क्यांच्या वर बदलतो. एक टक्क्याची चूक म्हणजे जेमतेम पाव अंश. घरच्या कामाला ते उत्तम आहे. बोर्ड एकच, चूकही तेवढीच. एका ठिकाणी त्याला हात लावू नये, दुसऱ्या ठिकाणी डोळे मिटून वापरावा. म्हणून ‘बॉक्स चांगला का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘माझ्या कामाला चांगला का?’ असं विचारा.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. या बोर्डांवरचे रेझिस्टर बारीक असतात. ते पाव वॉटचे धरले, तर एक ओहमच्या रांगेतून अर्धा अँपियर जाऊ द्यावा, दहाच्या रांगेतून सुमारे १५८ मिलिअँपियर, शंभरच्या रांगेतून ५०, हजारच्या रांगेतून १६, दहा हजारच्या रांगेतून ५. वापरात असलेली जी सगळ्यात मोठी रांग, तिची मर्यादा हीच अख्ख्या बॉक्सची मर्यादा. १२ व्होल्टवर सरळ १०० ओहम लावले की १२० मिलिअँपियर वाहतात आणि पाव वॉटच्या त्या एकट्या जिवावर १.४४ वॉटचा भार पडतो, जवळपास सहापट. तो लगेच जळला तर बरं, निदान वास तरी येतो. तापून त्याची किंमत कायमची सरकली, तर बोर्ड वरून धड दिसतो आणि पुढचं प्रत्येक मोजमाप चुकवतो. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला तर असला उघडा बोर्ड कधीच, कशासाठीही जोडू नका. तिथे प्रश्न बोर्डाच्या जिवाचा नाही, तुमच्या जिवाचा आहे.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख मला आजवर दिसलेला नाही. जंपर एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवेपर्यंत सर्किट तुटलेलं असतं. त्या क्षणी तुमच्या बॉक्सचा रोध ७२० किंवा ७३० नसतो, अनंत असतो. एलएम-३१७ हा व्होल्टेज रेग्युलेटर घ्या. २४० ओहमचा एक रेझिस्टर आणि खाली बॉक्समधून ७२० ओहम, की बरोबर ५ व्होल्ट मिळतात. आत १२ व्होल्ट येत आहेत, बाहेर पाच व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर जोडलेला आहे. जरा वाढवून पाहू म्हणून दहाच्या रांगेतला जंपर उचलला. खालचा रोध नाहीसा झाला आणि रेग्युलेटरने दहा व्होल्टच्या आसपास झेप घेतली. मी मायक्रोकंट्रोलरचा एक बोर्ड असाच गमावला आहे. जंपर हातात होता तेवढ्या वेळात तो गेला. तेव्हापासून नियम एकच: आधी वीजपुरवठा बंद, मग जंपर.

फिरत्या स्विचच्या बॉक्समध्येही हे होतं. काही स्विच जुना स्पर्श सोडून मग नवा धरतात, काही नवा धरून मग जुना सोडतात. पहिल्या जातीत क्षणभर सर्किट तुटतं, दुसऱ्या जातीत तुटत नाही. घेताना दुकानदाराला हे विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर पहिली जात आहे असं धरून चाला.

इथे कॉलेजच्या प्रयोगशाळेतली लाकडी पेटी आठवते. काळं झाकण, त्यावर पितळेचे जाड ठोकळे आणि त्यांच्या फटींत बसवलेले पितळी प्लग. प्लग काढला की त्या फटीखालचं तारेचं वेटोळं सर्किटमध्ये येई, प्लग बसवला की ते वगळलं जाई. १, २, २, ५, मग १०, २०, २०, ५०, अशी चढण. अनंताचा प्लग सोडला, तर कुठलाही प्लग काढताना-घालताना सर्किट तुटत नसे, रोध फक्त वाढे किंवा घटे. सर ओरडत, ‘प्लग पिळून घट्ट बसव!’ तेव्हा ती शिस्त वाटायची. आज कळतं की ते स्पर्शाच्या रोधाबद्दल बोलत होते, माझ्या बोर्डावरच्या त्या ०.३ ओहमबद्दल. ज्या कॉलेजांत या पेट्या कुलपात आहेत, त्यांनी त्या बाहेर काढून मुलांच्या हातात द्याव्यात. पेटी झिजेल तर झिजू दे. मुलं शिकतील.

पाचवा मुद्दा वरच्या टोकाचा. लाखांच्या आणि दहा लाखांच्या रांगा वापरताना बोटं दूर ठेवा. दोन्ही टोकं चिमटीत धरली की तुमचं शरीरच शेजारी जोडलेला एक रेझिस्टर होतं. पावसाळ्यात दमट हवा आणि सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्सचा चिकट थर मिळून हेच करतात. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून नीट वाळवा. बोर्डाच्या आणि वायरींच्या अंगात थोडी कपॅसिटन्सही असते. ती ५० पिकोफॅरड धरली, तर दहा लाख ओहमला सुमारे ३ किलोहर्ट्झच्या वर बॉक्स नुसता रोध राहत नाही. ऑडिओचं काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग तपासायचं कशाने? स्वस्त मल्टिमीटरची स्वतःची चूकच एक टक्क्याच्या घरात असते. एक टक्क्याच्या मीटरने एक टक्क्याच्या रेझिस्टरला दोषी ठरवता येत नाही. पण एकाच रेंजवर दोन मोजमापं घेतली की मीटरची चूक दोन्हीकडे जवळपास सारखीच पडते आणि त्यांच्यातला फरक विश्वासाचा राहतो. म्हणून रांगेतल्या नऊ पायऱ्या एकामागून एक मोजा. प्रत्येक उडी सारखी आली पाहिजे. मग ९९ ते १००, ९९९ ते १०००, ९,९९९ ते १०,००० हे सांधे मोजा. बोर्डाचं खरं रूप सांध्यावर उघडं पडतं. माझ्या मीटरची चूक कितीही असो, १००३ वरून ९९४ वर येणं हे बोर्डाचंच काम आहे.

ज्यांना हाताने करायची आवड आहे, त्यांनी सरळ स्वतःचा बॉक्स बनवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर, दोन्हीकडे एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर सुटे मिळतात. प्रत्येक रांगेला नऊ लागत नाहीत, चार पुरतात: १, २, ३, ३. या चारांच्या बेरजांतून एकपासून नऊपर्यंत सगळे आकडे येतात आणि १००, २००, ३०० या तिन्ही किमती बाजारात तयार मिळतात. चारही एकामागे एक जोडा आणि प्रत्येकावर आडवा एक छोटा स्विच लावा. स्विच दाबला की तो रेझिस्टर वगळला जातो, सोडला की मध्ये येतो. कुठलाही स्विच हलवा, सर्किट तुटत नाही. ही त्या लाकडी पेटीचीच रीत. चार रांगांना सोळा रेझिस्टर, सोळा स्विच आणि रविवारची एक दुपार. शून्यावर घसरून काही जळू नये म्हणून एलईडीसारख्या कामात बॉक्ससोबत २२० ओहमचा एक रेझिस्टर कायम जोडून ठेवा.

विकणाऱ्यांकडे माझी मागणी तीन ओळींची आहे. सगळं शून्यावर असताना रोध किती, कुठल्या रांगेतून किती करंट, आणि आकडा बदलताना सर्किट तुटतं की नाही. हे पाकिटावर छापायला शाईचे चार थेंब लागतील. ते छापत नाहीत तोवर ते काम आपलं.

त्या विद्यार्थिनीने बोर्ड घेतला. काल तिने त्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवला. पहिली ओळ शून्याची: ०.४ ओहम. खाली रांगांचे करंट, त्याखाली सांधे. तिच्या बोर्डावर ९९९ नंतर १००५ येतात. माझ्यापेक्षा तिचा बोर्ड बरा आहे, आणि तो किती बरा आहे हे तिने स्वतः मोजून मला सांगितलं.