अण्णांचा डेपो निघाला प्रकाशाला

बुलेटवर माणसं दोन आणि सामान अख्ख्या गॅरेजचं, अशी आमची वरात नाशिकहून निघाली. जायचं होतं तापीकाठी, प्रकाशाला. निफाडवरून विंचूर, तिथून डावीकडे वळून लासलगाव, देवळा, सटाणा, ताहराबाद असा विंचूर-प्रकाशा राज्यमार्ग धरायचा. अण्णा एसटीच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण गाडी कुठलीही असो, त्यांची तयारी पन्नास प्रवाशांच्या हिशेबानं असते.

ताडपत्रीची ती पिशवी माझ्या मांडीवर होती. तिच्यात सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंतचे पाने, हातोडी, छिन्नी, सीबी पॉइंट, कंडेन्सर, चेनलॉक, बल्ब, हवेचा पंप, एम-सील आणि १९ इंची ट्यूब. जुन्या बुलेटची दोन्ही चाकं १९ची, म्हणून ट्यूब एकच; नाहीतर त्याही दोन निघाल्या असत्या. शिवाय कपडे धुण्याच्या साबणाची वडी.
‘‘कपडे धुवायचेत?’’
‘‘टाकी गळाली तर भोकात साबण दाबायचा. पेट्रोल थांबतं. कपड्यांचं घरी आल्यावर बघू.’’

विंचूरच्या तीनपाटीवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथंच, त्यामुळे लिलावाच्या दिवशी या गावात घाई फक्त परगावच्या माणसाला असते. दोन ट्रॉल्यांच्या मधून अण्णा गाडी काढत होते, तेवढ्यात ‘टक्’ झालं, गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. क्लच वायर लिव्हरपाशी तुटली होती. वायरीच्या टोकाची शिशाची गोळी तेवढी लिव्हरमध्ये राहिलेली, आणि तारा पिंजारलेल्या.

मी मोठ्या उमेदीनं पिशवीची नाडी सोडू लागलो. एवढा वेळ मांडी बधिर करून घेतली होती, निदान काहीतरी बाहेर निघेल.
‘‘राहू दे ती,’’ अण्णा म्हणाले.

नवी वायर त्यांनी घरीच जुनीच्या शेजारून, हँडलपासून गिअरबॉक्सपर्यंत नेऊन चिकटपट्टीनं बांधून ठेवली होती. वरची गोळी लिव्हरमध्ये, खालचं टोक आर्ममध्ये, लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील, संपलं. समोरच्या टपरीवर सांगितलेला चहा यायच्या आत गाडी तयार. लांबच्या प्रवासाला काय न्यावं यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला विचाराल तर ही बांधलेली वायर, एक ट्यूब, एक प्लग आणि त्याचा पाना, पक्कड नि थोडी बाइंडिंग तार एवढ्यावर माणूस काशीला जाऊन येईल. निफाड तालुक्यात तर तेवढंही नको. जिथं ट्रॅक्टर तिथं गॅरेज आणि वेल्डिंगवाला आलाच. सोबत काही लागेलच तर ते ताहराबादच्या पुढे, शेलबारी घाटात.

पण हे अण्णांसमोर बोलायची सोय नाही. पिशवी न उघडता दुरुस्ती झाली म्हणून त्यांचाच चेहरा उतरला होता. ‘‘सामान एकदा बघून घेऊ,’’ म्हणत त्यांनी पिशवी रस्त्याच्या कडेला मोकळी केली आणि पाने चढत्या क्रमानं मांडले. हे विंचूरकरांचं गाव. सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ साली पानिपतावर होते. एवढ्या घोडदळाबरोबर नालबंद चालायचे, तेही छावणीत आपला संसार असाच मांडत असतील.

पाच मिनिटांत पहिलं गिऱ्हाईक आलं.
‘‘काका, चोवीसचा पाना असंल का? ट्रॉलीचा नट ढिला झालाय.’’
अण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पाना त्यांनी दिला नाही. स्वतः ट्रॉलीखाली गेले. ते बाहेर येईपर्यंत एक पिकअपवाला इंडिकेटरच्या बल्बसाठी उभा होता, एक पोरगा मोपेडच्या चाकात हवा भरून मागत होता, आणि एक आजोबा नुसतेच ‘‘ही छिन्नी केवढ्याला?’’ विचारत होते. हवा मीच भरली. वाईन पार्क बघायला आलेल्या मोटारीतल्या मंडळींनी आम्हाला दुकानदार समजून पार्किंग कुठं ते विचारलं. अण्णांनी आधी त्यांच्या टायरांकडे पाहिलं आणि मग पत्ता सांगितला.

लिलाव आटोपत आला तेव्हा ट्रॉलीवाला परत आला. अण्णा पैसे घेईनात, म्हणून त्यानं कांद्याची गोणीच आणून समोर ठेवली. अण्णांच्या गळ्यात माळ, कार्तिकी एकादशीला अजून चार दिवस. चातुर्मासात घरात कांदा शिरत नाही.
‘‘नाही म्हणा ना,’’ मी कुजबुजलो.
‘‘शेतकऱ्यानं दिलेलं नाकारू नये. एकादशी झाली की खाऊ. चाळीतला कांदा आहे, टिकतो.’’
‘‘पण ठेवायचा कुठं? पिशवीतलं काहीतरी घरी पाठवू या.’’

अण्णांनी छिन्नी उचलली, हातोडी उचलली, साबणाची वडी हुंगली आणि सगळं जिथल्या तिथं ठेवलं. मग त्यांची नजर माझ्या कपड्यांच्या बॅगेवर गेली.
‘‘नाशिकची एसटी इथंच थांबते,’’ ते म्हणाले. ‘‘कंडक्टर ओळखीचा निघेल.’’