पातळ तळाचे शास्त्र आणि परळीचा सराटा

बोचणाऱ्या जगापासून पायाचे रक्षण करणे हे पादत्राणाचे प्रयोजन मानले, तर गेल्या दोन दशकांत धावपटूंच्या बाजारात आलेल्या ‘मिनिमलिस्ट’ बुटाला पादत्राण म्हणावे की पादत्राणाने दिलेला राजीनामा म्हणावे, हा प्रश्न कोणाही अभ्यासकाला पडावा. अत्यंत पातळ तळ, नाममात्र वजन, बोटांना पसरण्यास ऐसपैस जागा आणि गुंडाळी करून खिशात घालता येईल इतका लवचिकपणा ही त्याची लक्षणे होत. टाचेखालचा तळ चवड्याखालच्या तळापेक्षा जितका उंच असतो त्या फरकास ‘ड्रॉप’ म्हणतात. नेहमीच्या धावण्याच्या बुटात हा फरक साधारणपणे 10 ते 12 मिलिमीटर असतो, या बुटात तो शून्यावर किंवा शून्याच्या आसपास आणलेला असतो, आणि बुटाची किंमत मात्र त्याच्याबरोबर खाली उतरण्याचे सौजन्य दाखवीत नाही.

कमी तळ पायाला अधिक हितकर, या विचारास खरी हवा मिळाली ती ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या 2009 मधील ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकामुळे. मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांतील ताराहुमारा लोक जुन्या टायरच्या तळव्याला वाद्या बांधून मैलोगणती धावतात, हे वाचून अमेरिकेतील सुखवस्तू वर्ग स्तिमित झाला. पुढल्याच वर्षी हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे मांडले की, सवयीने अनवाणी धावणारी माणसे बहुधा टाचेवर न आदळता चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का सौम्य होतो. मराठवाड्याला मात्र यात अप्रूप वाटण्यासारखे फारसे नव्हते, कारण ट्रकच्या टायरच्या चपला येथे गुरांमागे, नांगरामागे आणि उसाच्या फडात पिढ्यान्‌पिढ्या झिजल्या असून त्यांच्यावर कोणी शोधनिबंध लिहिला नाही, एवढाच काय तो फरक. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये 2014 साली साठी उलटलेल्या लता भगवान करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या, त्या नवऱ्याच्या औषधोपचारासाठी पैसे हवे होते म्हणून. चवडा आधी टेकतो की टाच, याची चौकशी त्यांच्याकडे त्या वेळी कोणी केली असेल, असे वाटत नाही. या चर्चेत परळी ज्या बीड जिल्ह्यात आहे त्याचा दाखला म्हणून आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे नाव हमखास घेतले जाते; पण 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविणारा हा धावपटू खिळ्यांचे बूट घालून धावतो, हे सांगितल्यावर अनवाणी पंथाचे कार्यकर्ते विषय बदलतात.

परळीतील मध्यमवयीन धावपटू या पंथाकडे वळतो तो बहुधा तत्त्वज्ञानामुळे नव्हे, तर टाच दुखते म्हणून. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा ताणलेला असतो, त्यास ‘प्लांटर फॅशिया’ म्हणतात. त्यावर सतत ताण आला की सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले मरणप्राय होतात आणि मग दुखणे, माणसाने सुटीचा अर्ज करण्यापूर्वीच, ओसरते. सुश्रुतसंहितेत ‘वातकंटक’ या विकाराचे कारण पाऊल विषम पडणे असे दिले आहे, आणि बालाघाटच्या उतारावर सम पाऊल टाकून दाखविणारा इसम अद्याप जन्मावयाचा आहे. ज्या गावाचे दैवतच वैद्यांचा नाथ, तेथे उपचार सुचविणाऱ्यांचा तुटवडा कसा असणार? एक जण जाड गादीचा बूट घ्या म्हणतो, दुसरा तळच काढून टाका म्हणतो, आणि घरातील वडीलधारी बाई दोघांकडेही दुर्लक्ष करून वीट तापवते, तिच्यावर रुईचे पान ठेवते आणि टाच दाबायला सांगते.

गावाबाहेरची पाऊलवाट या बुटाची खरी परीक्षक होय. पुस्तकात ‘ट्रेल’ म्हणजे पाइनच्या सुया पसरलेली मऊ रानवाट असते. येथे मुरूम, काळ्या दगडाच्या कपच्या, पायमोज्यात शिरणारी कुसळे आणि सराटा असतो. सराट्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकावर टणक काटे असतात आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा आकाशाकडेच तोंड करून राहतो. पातळ तळामुळे जमिनीची जाणीव वाढते, असे या बुटाचे समर्थक सांगतात. ही जाणीव सराटा एका क्षणात पूर्णत्वास नेतो. पावसाळ्यात शास्त्र निराळ्याच कारणाने कोलमडते, कारण काळ्या रानातून वीस-पंचवीस पावले टाकली की तळाला चिखलाचे इतके थर चढतात की शून्य ड्रॉपचा बूट बाजारातील सर्वांत जाड तळाच्या बुटाला मागे टाकतो. त्यात बांधावरचा एखादा मेंढपाळ बूट हातात घेऊन, वाकवून पाहतो आणि “एवढे पैसे घातले अन्‌ तळच न्हाई व्हय?” असे विचारतो, तेव्हा लीबरमन यांचा हवाला कामी येत नाही.

चवड्यावर उतरण्याचे शुद्ध तंत्र पाहावयाचे असल्यास वैशाखात भर दुपारी परळीच्या वैजनाथ मंदिराच्या दगडी पायऱ्यांशी जावे. पावले आखूड ठेवा, ती मिनिटाला 180 च्या आसपास पडू द्या, टाच टेकवू नका, हे प्रशिक्षक महिनोन्‌महिने घोकून घेतात. तापलेला दगड तेच सोवळ्यातील आजोबांपासून कडेवरून उतरलेल्या नातवापर्यंत सर्वांना तत्काळ आणि विनामूल्य शिकवतो.

तथापि या बुटास केवळ थट्टेवारी नेणे अन्यायाचे होईल, कारण पातळ तळामुळे पायाचे लहान स्नायू कामाला लागतात हे खरे आहे. चूक होते ती घाईची. टाच आणि गुडघा यांच्यावरचा भार नाहीसा होत नाही, तो पोटरी, घोटशीर आणि चवड्याच्या हाडांवर सरकतो. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या (प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या) मिनिमलिस्ट बुटाकडे वळविलेल्या 19 धावपटूंपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली, आणि 2014 साली अशा बुटांच्या व्हिब्रम या प्रसिद्ध उत्पादकाने आरोग्यविषयक दाव्यांवरून झालेला खटला 37.5 लाख डॉलर भरून मिटवला.

दुखरी टाच घेऊन थेट डोंगर गाठण्याऐवजी आधी डॉक्टरांना दाखवावे, मग हे बूट घालून घरच्या अंगणात काही दिवस नुसते चालावे, आणि मधुमेहामुळे तळव्याची संवेदना मंदावली असेल तर या वाटेला जाऊच नये. ज्यांना जावयाचेच आहे त्यांनी परतल्यावर बूट उलटे करून सराटे उपटल्याखेरीज ते उंबऱ्याच्या आत आणू नयेत, कारण घरातील बाकीची माणसे अनवाणी असतात.