आधी फोटो, मग सुई

कात्रजच्या तळ्याकाठी सकाळी फिरणाऱ्या आमच्या कंपूत पूर्वी पेन्शन आणि पेशवे हे दोनच विषय चालायचे. हल्ली तिसरा आलाय, पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी. ‘तुमची साखर किती?’ विचारावं त्याच सहजतेनं ‘तुमचा पीएसए किती?’ विचारतात. माझा 6.8 निघाला आणि कंपूत माझं वजन एकदम वाढलं.

“चारच्या वर? मग बायोप्सी!” निवृत्त एसटी ड्रायव्हरनं निकाल दिला. त्यांचा अनुभव दांडगा. सोनोग्राफीवर बघत डॉक्टरांनी त्यांच्या प्रोस्टेटचे बारा ठिकाणचे तुकडे काढले होते. “बारा ज्योतिर्लिंगं एका दुपारी झाली,” असं ते अभिमानानं सांगत. एवढं करून रिपोर्ट स्वच्छ आणि पीएसए मात्र चढताच.

सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार दिसतो, पण गाठ बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून सगळीकडून थोडं थोडं घ्यायचं, सापडली तर सापडली. पेशवे याहून शहाणे. नानासाहेबांनी आमच्या कात्रजच्या तळ्यातूनच जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं आणि वाटेत उच्छ्वास ठेवले. तुंबलं तर आत उतरून बघायची सोय. नाहीतर सातारा रस्ता बारा ठिकाणी खणावा लागला असता. (आपल्याकडे खणायला कारण लागत नाही, ते वेगळं.)

माझे डॉक्टर म्हणाले, “काका, वाढलेल्या प्रोस्टेटनं किंवा जंतुसंसर्गानंही पीएसए चढतो. आधी एमआरआय करू.”

एमआरआयच्या दारात पट्टा, घड्याळ, किल्ल्या, कवळी असं सगळं उतरवलं. राहिली घोड्याच्या नालेची अंगठी.

“ही नाही निघायची. शनीची आहे.”

“काका, आत तीन टेस्लाचं चुंबक आहे. शनीला बाहेर बसू दे.”

हिनं शनीला पर्समधल्या सुट्ट्या पैशांत टाकलं. आत ठकठक, घरघर, मध्येच भोंगा. कात्रज चौकात सिग्नलला उभं राहणाऱ्याला त्याचं काय! त्रास एकच, हलायचं नाही म्हटलं की नाकाला खाज सुटते.

रिपोर्टात पाय-रॅड्स नावाचे एक ते पाच गुण असतात. शाळेत जास्त गुणांसाठी मार खाल्ला, इथं कमी पडले तर पेढे. मला दोन पडले. डॉक्टरांनी इतर तपासण्या ताडून पाहिल्या आणि सुई टळली. सहा महिन्यांनी पुन्हा पीएसए.

ड्रायव्हरसाहेबांना पाच पडले. गाठ ग्रंथीच्या पुढच्या अंगाला होती, तिथं मागून जाणाऱ्या सुया सहसा पोचत नाहीत. मग एमआरआयचं चित्र चालू सोनोग्राफीवर बसवून सुई नेमकी तिथंच नेली, आणि कर्करोग वेळेत सापडला. “मी जन्मभर विचारत विचारत गाडी नेली, यांच्याकडे नकाशा होता,” ते म्हणाले. उपचार झाले, आता चालताना ते माझ्या पुढे असतात.

2018 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 500 पुरुषांची चाचणी छापून आली. एमआरआय आधी केलेल्यांत उपचारालायक कर्करोग 38 टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीत 26 टक्क्यांना. शिवाय एमआरआयवाल्यांतल्या 28 टक्क्यांना सुई लागलीच नाही. अर्थात एमआरआयही क्वचित चुकतो, म्हणून काही डॉक्टर नेमक्या सुयांबरोबर जुन्या बाराही मारतात.

तेव्हा पीएसए वाढलाच, तर बायोप्सीसाठी कुशीवर वळण्याआधी डॉक्टरांना एमआरआयचं विचारा. पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगा. शनीला घरीच ठेवा.