पणतीच्या फेऱ्या

सरकारी संकेतस्थळावर ‘नवीन’ अशी लाल-पिवळी पाटी एकदा लुकलुकू लागली की तिला निवृत्तीचं वय नसतं. शेजारची सूचना २०१९ ची असते, तिच्यावर सही करणारे साहेब पेन्शन घेत असतात, पाटी मात्र रुजू झाल्याच्या दिवशीच्या उत्साहानं डोळे मिचकावत असते. आपण जातो सूचना वाचायला आणि बघत बसतो तिच्याकडे.

अशी पाटी म्हणजे बहुधा हलतं जिफ चित्र, आणि ते न थांबण्याचं पाप नेटस्केपचं. जिफ हा चित्रप्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं १९८७ मध्ये आणला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन चित्रांमध्ये किती थांबायचं हे सांगायची सोय झाली; पण शेवटचं चित्र आलं की खेळ खलास. मग नेटस्केपच्या ब्राउझरनं फाइलीतच फेऱ्यांचा आकडा लिहायची युक्ती काढली. त्या जागी शून्य लिहिलं तर फेऱ्या अनंत! शून्य म्हणजेच अनंत हे एखाद्या मठात ऐकलं असतं तर मी हात जोडले असते. नेटस्केप केव्हाच काळाआड गेलं, पण अखंड फिरणाऱ्या जिफच्या पोटात डोकावलं तर ‘नेटस्केप २.०’ हे नाव रोमन अक्षरांत आजही सापडतं.

आमच्या सोसायटीचं संकेतस्थळ सेक्रेटरीकाका स्वतः सजवतात, ब्राउझरमध्येच चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर. ते सॉफ्टवेअर अक्षरांचा रंग विचारतं, समासाची रुंदी विचारतं. चित्र कुठल्या प्रकारात हवं, किती वेळा हलावं, बघणाऱ्याला थांबवता यावं का, हे मात्र विचारत नाही. परिणामी वर पणती, मध्ये घंटा आणि थकबाकीदारांच्या यादीखाली धगधगता जाळ, सगळी अखंड फिरणारी जिफ.

“काका, पणती एकदा तेवून थांबली तर?”

“विझली असं वाटेल हो. ऐन दिवाळीत!”

“मग निदान एपीएनजी लावा. ज्योतीभोवतीची ती पांढरी किनार तरी जाईल.”

“किनार आहे होय? मी तेज समजत होतो.”

ते तेज नव्हे. जिफमध्ये प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण दिसतो, नाहीतर पूर्ण गायब. अर्धवट झिरझिरीत असं काही त्याला जमत नाही. शिवाय एका चित्रात रंग फक्त २५६. एपीएनजी (म्हणजे हलणारं पीएनजी) आणि वेबपी या चित्रप्रकारांना झिरझिरीतपणा येतो. पण एपीएनजीची कथाही करुणच. मोझिलाच्या मंडळींनी तो २००४ मध्ये मांडला, पीएनजीचा कारभार पाहणाऱ्यांनी २००७ मध्ये मतदान करून फेटाळला, मोझिलाच्याच फायरफॉक्स ब्राउझरनं २००८ मध्ये तरीही घेतला आणि अधिकृत पीएनजी मानकात तो बसला २०२५ मध्ये. सोसायटीच्या जमिनीच्या कन्व्हेयन्सची वाट पाहणाऱ्या आमच्या सभासदांना हे ऐकून बराच धीर आला.

बघणाऱ्याच्या हाती पूर्वी निदान एस्केपचं बटण होतं. ते दाबलं की फायरफॉक्समधल्या सगळ्या जिफ जागच्या जागी थिजत. पुढे तेही गेलं. आता सेटिंगच्या तळघरात उतरावं लागतं, तेही ‘जपून जा’ असा इशारा ओलांडून. तिथे तीन पर्याय मिळतात: नेहमीसारखं, एकदाच, अजिबात नाही. मला ‘एकदाच’ सगळ्यात सुसंस्कृत वाटतं. पंगतीत जिलबीचा आग्रह एकदा व्हावा, पानावर आडवा हात आला की वाढप्यानं पुढच्या पानाकडे वळावं. ‘अजिबात नाही’ निवडलं तर काही ठिकाणी ‘थांबा, उघडतंय’ सांगणारं चक्रही गोठतं आणि घरातले वायफायवाल्याला फोन लावतात.

हे तळघर वर आणायला हवं. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणारी गोष्ट मजकुराशेजारी असेल तर ती थांबवायची सोय हवी, असं वेबच्या सुगम्यतेचे नियम सांगतात. अर्धशिशी किंवा चक्कर असणाऱ्याला तो जाळ गमतीचा नसतो. मोबाइलमधलं ‘हालचाल कमी करा’ हे सेटिंगही पान बनवणाऱ्यानं दखल घेतली तरच कामाचं. जिफ स्वतःहून कुणाचं ऐकत नाही.

काकांना हे पटलं, पण एकट्याच्या अधिकारात नको म्हणाले. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘पणतीच्या फेऱ्यांची संख्या निश्चित करणे’ हा विषय आला आहे. ए विंगला अकरा हव्यात, बी विंगला एकवीस. तळमजल्याच्या आजोबांनी मात्र लेखी ‘शून्य’ कळवलंय. पणती बंद होईल अशी त्यांची समजूत आहे.