बंद करून चालू करू नका

संगणक अडकला की महाराष्ट्रभर एकच सल्ला मिळतो : बंद करून चालू करा. कचेरीत तो शेजारच्या टेबलावरून मिळतो, दुरुस्तीवाल्याकडून फोनवर मिळतो, घरी दहावीतल्या मुलाकडून मिळतो. मग पॉवरच्या बटणावर बोट दाबून धरायचं आणि पडदा काळा झाला की सोडायचं. ग्रामपंचायतीचा अर्धा टाइप झालेला ठराव गेला, सोसायटीचा ताळेबंद गेला, प्रबंधाच्या दुपारभर बसून लावलेल्या तळटिपा गेल्या. त्यांचं कोणाला सोयरसुतक नाही. संगणक चालू झाला ना, मग झालं!

माझा या सल्ल्यावर राग आहे. माणसाचं काम पुसून टाकणारा उपाय पहिला का सुचवायचा? तो शेवटचा असायला हवा.

एके काळी हा सल्ला बरोबर होता, हे मान्य. विंडोज ३.१ मध्ये एका प्रोग्रॅमने हट्ट धरला की सगळं ठप्प व्हायचं, कारण दुसऱ्याला वेळ द्यायचा की नाही हे तो प्रोग्रॅमच ठरवायचा. १९९५ च्या विंडोजपासून ही सत्ता प्रोग्रॅमांकडून काढून घ्यायला सुरुवात झाली, आणि २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हा घरोघरच्या संगणकांतही ती विंडोजकडे गेली. त्याला दोन तपं होऊन गेली. आज एक खिडकी गोठली म्हणजे अख्खं यंत्र गोठलं असं बहुतेक वेळा नसतंच. सल्ला मात्र जुनाच चालला आहे.

खिडकी गोठते म्हणजे काय होतं, ते पाहा. तुम्ही क्लिक केलंत, अक्षर दाबलंत की विंडोज त्याचा निरोप त्या प्रोग्रॅमच्या रांगेत ठेवतं. प्रोग्रॅमने पाच सेकंद रांगेकडे पाहिलंच नाही, तर खिडकी फिकी पडते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी लागते. प्रोग्रॅम मेला आहे की कामात बुडाला आहे, हे त्या पाटीवरून कळत नाही. विंडोजलाही ते ठाऊक नसतं. एक्सेल पन्नास हजार ओळींचा हिशेब करत असेल. वर्ड दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरच्या फाइलची वाट पाहत असेल. कधी तर प्रोग्रॅम तुम्हालाच काही विचारून बसलेला असतो आणि प्रश्नाची चौकट दुसऱ्या खिडकीमागे दडलेली असते. आल्ट-टॅब दाबलं की ती सापडते.

आपण काय करतो? फुलीवर क्लिक करत सुटतो. मग थांबायचं की बंद करायचं, असं विचारणारी चौकट येते आणि वैतागात आपण बंद करून टाकतो. दोन मिनिटांनी जो हिशेब आपोआप पुरा होणार होता, तो आपणच मारला.

म्हणून आधी हात माउसवरून काढा. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? बहुतेक कीबोर्डांत तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही, संगणकाचा हुकूम आल्यावर लावतो. दिवा हलतोय म्हणजे आतलं यंत्र जिवंत आहे. पडदाच काळा किंवा थिजलेला असेल, तर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. पडदा क्षणभर लुकलुकतो, बहुतेकदा ‘टुक’ असा आवाज येतो आणि फक्त चित्र दाखवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय आहे, पण ती दुरुस्तीवाल्याच्या तोंडून कधी ऐकली आहे?

खालची पट्टीच बधिर झाली असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा आणि तेवढंच रीस्टार्ट करा. पट्टी जाते आणि परत येते. वर्डमधला मजकूर जागच्या जागी.

आता खरा मुद्दा. अडकलेला प्रोग्रॅम बहुधा कोणाची तरी वाट पाहत असतो. कोणाची, हे विंडोज सांगतं. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये जा, अडकलेल्या प्रोग्रॅमवर उजवं क्लिक करा आणि ‘अ‍ॅनालाइझ वेट चेन’ निवडा. अमुक प्रोग्रॅम तमुकासाठी थांबला आहे, अशी साखळी समोर येते. कचेऱ्यांत ती पुष्कळदा प्रिंटरपाशी जाऊन पोहोचते. ३२-बिट वर्ड किंवा एक्सेलला ६४-बिट विंडोजमधून छपाई करायची, तर मध्ये एक मदतनीस प्रोग्रॅम लागतो. साखळीत त्याचं नाव ‘एसपीएल-वाव-६४’ असं दिसतं. प्रिंटर बंद असला, त्याची तार निघाली असली, नेटवर्कवरचा त्याचा पत्ता बदलला असला, की हा मदतनीस लटकतो आणि त्याच्यामागे वर्ड लटकतं. साखळीत फक्त त्या मदतनीसावर खूण करून त्याला संपवा. पुष्कळदा वर्ड हलतं, आणि मजकूर जसाच्या तसा असतो. जे काम बटण दाबून तुम्ही घालवणार होता, ते तिथेच होतं. कोपऱ्यातला प्रिंटर कोणीतरी बंद करून गेलं होतं, एवढंच.

हे शिकवायला किती वेळ लागेल? महाराष्ट्रात लाखो लोकांनी एमएस-सीआयटी केलं आहे. वर्गात मुद्दाम संगणक अडकवून दाखवा आणि मुलांना तो सोडवायला लावा. एक तास पुरेल. फाँट ठळक कसा करायचा हे पोरांना जन्मतःच येतं. अडकलेलं सोडवायला शिकवावं लागतं.

चुकून रीस्टार्ट होऊ नये, ही काळजी पहिल्यापासून होती. कंट्रोल-आल्ट-डिलीट ही तिकडी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने बसवली. १९८१ चा पीसी अमेरिकेत फ्लोरिडात तयार होत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याने आधी डिलीटऐवजी एस्केप घेतलं होतं. पण ते एका हाताने चुकून दाबलं जाऊ शकत होतं, म्हणून कीबोर्डाच्या दुसऱ्या टोकाची कळ निवडली गेली. दोन्ही हात गुंतल्याशिवाय रीस्टार्ट होऊ नये, एवढा विचार त्यामागे होता. आज लॅपटॉपवर पॉवरची कळ पुष्कळदा डिलीटच्याच शेजारी असते आणि एका बोटात काम तमाम होतं.

रीस्टार्टने रोग जात नाही याचा सगळ्यात लख्ख पुरावा मंगळावर आहे. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर तिथे उतरलं आणि त्यानंतर काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. बंद करून चालू करण्याने प्रश्न सुटत असता, तर तिथे केव्हाच सुटला असता. यंत्र तेच तर करत होतं! कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला आणि साखळी शोधली. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी महत्त्वाचं काम सामायिक कुलूप धरून बसायचं. एक फार महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी ताटकळायचं. मधल्या दर्जाची कामं पुढे घुसायची, त्यामुळे हवामानवाल्याची कुलूप सोडण्याची पाळीच यायची नाही. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही, हे पाहून यंत्रणा सगळंच रीस्टार्ट करायची. उपाय काय निघाला? ज्याच्यासाठी मोठं काम खोळंबलं आहे, त्या छोट्याला तेवढ्यापुरता मोठ्याचा दर्जा द्यायचा. ही सोय यंत्रणेत आधीच होती, फक्त बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीस्टार्ट थांबले. कोट्यवधी किलोमीटरवरून कोण कोणासाठी थांबलंय हे शोधता येतं, मग हातभर अंतरावरच्या यंत्रात का शोधू नये?

रीस्टार्ट करावंच लागतं अशीही वेळ येते. कॅप्स लॉकचा दिवा हलत नाही, माउसचा बाण थिजला आहे, पाच-दहा मिनिटं थांबूनही काही होत नाही, तर बटण दाबा. वर्ड एरवी दर दहा मिनिटांनी मजकुराची एक राखीव प्रत ठेवतं. पुन्हा उघडल्यावर डावीकडे ती दिसली, तर आधी नीट पाहा. घाईने ती पट्टी बंद करू नका. आणि संगणक ऐकत असेल, तर मेनूतून ‘रीस्टार्ट’ निवडा. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर बहुतेक यंत्रं गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतात आणि सुरू होताना तीच परत उचलतात. म्हणजे शट डाउन करून पुन्हा चालू केलंत, तर आतला घोळ तसाच परत येऊ शकतो. कोरी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. बंद करून चालू करा म्हणणाऱ्यांना आपल्याच सल्ल्यातलं हे ठाऊक नसतं.

त्यांच्याही पुढचे महाभाग आहेत. दोनदा संगणक अडकला की ते सांगतात, फॉरमॅट मारावं लागेल. फोटो जातात, प्रोग्रॅम जातात, पैसे जातात, आणि प्रिंटरचा पत्ता तसाच चुकीचा राहिला असेल, तर महिनाभरात वर्ड पुन्हा अडकतं. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ नावाचा एक पडदा असतो. शोधपट्टीत नाव टाइप केलं की उघडतो. कोणत्या तारखेला कोणता प्रोग्रॅम बंद पडला, कोणता प्रतिसाद देईनासा झाला, याची दिवसवार नोंद त्यात असते. पुढच्या वेळी कोणी फॉरमॅट मारतो म्हणाला, तर त्याला हा पडदा उघडायला सांगा आणि कोणता प्रोग्रॅम कोणत्या दिवशी अडकला ते दाखवायला लावा. दाखवता आलं नाही, तर संगणक त्याच्या हाती देऊ नका.